डेस्कटॉप बारीक झाला, मग त्याची जाडी गेली कुठं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि सोलापुरातल्या आमच्या नवी पेठेतल्या दुरुस्तीच्या टेबलावर एकाच प्रश्नाची रांग लागली. जुनं मशीन ठणठणीत चालतंय, पण विंडोज ११ घेत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीतच नाहीत. मग नवं घ्यायला माणूस शोरूमला जातो, आणि तिथं त्याच्यासमोर जेवणाच्या डब्याएवढा एक चौकोन ठेवतात, नाहीतर पाटीसारखी पातळ स्क्रीन. “हाच अख्खा कॉम्प्युटर, साहेब.” तो घरी न जाता थेट माझ्याकडं येतो. यात दम आहे का, हे विचारायला.

दम आहे. पण जुन्या डब्यातली जाडी पातळ मशीनमध्ये जादूनं नाहीशी झालेली नसते. त्यातली काही खरंच फुकट होती. उरलेली कुठंतरी सरकवलेली असते: टेबलाखाली, पंख्याच्या आवाजात, नाहीतर पाच वर्षांनी येणाऱ्या दुरुस्तीच्या बिलात. ती कुठं गेली ते शोधता आलं, की घ्यायचं काय ते आपोआप ठरतं.

जुन्या डब्यात एवढं होतं तरी काय?

आपण ज्याला ‘सीपीयू’ म्हणतो ते खरं तर कॅबिनेट. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ही आतली एक छोटी चिप. सवयीचा टॉवर धरा ३५ बाय १७ बाय ३८ सेंटिमीटर. गुणाकार केला की साडेबावीस लिटर होतात, म्हणजे हॉलवर लग्नाला मागवतो त्या पाण्याच्या जारपेक्षा थोडा मोठा. हल्लीचा छोटा डबा १८ बाय १८ बाय साडेतीन सेंटिमीटर, जेमतेम सव्वा लिटरच्या आत. पाण्याची एक बाटली.

जारातलं बाटलीत कसं मावलं? आधी जुना जार उघडून बघू. त्यात निम्म्याहून जास्त नुसती हवा असायची. सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह असायचा, जो शेवटचा कधी उघडला ते मालकालाही आठवत नाही. साडेतीन इंची हार्ड डिस्क असायची, पुस्तकासारखी जाड, सव्वीस मिलिमीटर. तिच्या जागी आता २२ बाय ८० मिलिमीटरची पट्टी येते, बोटाएवढी, आणि ती डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान असते. इथपर्यंत निव्वळ फायदा. या जाडीसाठी रडायचं काही कारण नाही.

उरतात तीन गोष्टी: थंड करणारं सामान, वीज बदलणारं सामान, आणि पुढं काही वाढवायला ठेवलेली रिकामी जागा. खरी ओढाताण या तिघांत आहे.

वॉट म्हणजे शेवटी उष्णताच

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पंखा वारा देतो, ट्यूबलाइट उजेड देते, प्रोसेसर हिशेब देतो. पण हिशेबाला वजन नसतं, त्यामुळं विजेची पै न पै तापण्यात जाते. ६५ वॉटचा प्रोसेसर म्हणजे जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बएवढी भट्टी. फरक इतकाच, की ती पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत पेटलेली असते.

ही उष्णता उचलायला चिपवर तांबं-अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा बसवतात, त्याला हीटसिंक म्हणतात. पात्यांतून पंखा हवा ढकलतो. इथं जाडीचा थेट संबंध येतो. टॉवरमध्ये १२ सेंटिमीटरचा पंखा सहज बसतो. छोट्या डब्यात ६ चा बसला तरी नशीब. व्यास निम्मा झाला, की पंख्याचं तोंड चौथ्या हिश्श्याएवढं होतं. तेवढीच हवा ढकलायची तर त्याला बेफाम पळावं लागतं, आणि पळणारा छोटा पंखा किंचाळतो. छताचा पंखा संथ फिरून खोलीभर वारा देतो, आणि जत्रेतला हातातला सेलवरचा पंखा कानाशी भुणभुण करून नाकापुरता देतो. हिशेब तोच.

म्हणून मशीन आधी बारीक करून मग चिप कोंबायची, हा उलटा क्रम झाला. आधी चिपची भूक कमी व्हायला हवी. आपली कडक भाकरी बघा. कागदासारखी पातळ असते आणि महिने टिकते, कारण तिच्यातला ओलावा आधी शेकून काढलेला असतो. मऊ भाकरी नुसती पातळ थापून फडताळात ठेवली तर तिसऱ्या दिवशी बुरशी येईल.

या दोन्ही भाकऱ्या एकाच कंपनीनं करून दाखवल्या आहेत. अॅपलनं २०१२ साली आयमॅकची, म्हणजे स्क्रीनच्या पाठीतच असलेल्या त्यांच्या कॉम्प्युटरची, कड ५ मिलिमीटरवर आणली. आत मात्र तीच इंटेलची तापट चिप, त्यामुळं पाठीमागचं पोट फुगलेलंच राहिलं. साडेएकवीस इंची मॉडेलमध्ये तर डेस्कटॉपची हार्ड डिस्क काढून लॅपटॉपची छोटी, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी संथ डिस्क घातली. दिसायला पुढचं, चालायला मागचं. मग २०२१ मध्ये त्यांनी स्वतःची एम१ ही कमी वीज खाणारी चिप घालून २४ इंची आयमॅक आणला. अख्खा साडेअकरा मिलिमीटर जाड, आणि नेहमीच्या कामाला शांत. ओलावा आधी निघाला होता.

विंडोजवाल्यांसाठी याच धर्तीवर इंटेलचे नावाच्या शेवटी ‘टी’ अक्षर असलेले प्रोसेसर येतात. साध्या भावंडाचं मूळ माप ६५ वॉट, तर टीचं ३५. छोट्या डब्यांत बहुतेकदा हेच असतात. दुकानदार ‘आय-फाइव्ह आहे’ एवढंच सांगतो. ते शेवटचं अक्षर बघत जा.

इथला मे महिना हिशेबात कोण धरतो?

चिप साधारण शंभर अंशाला पोचली, की जीव वाचवायला स्वतःचा वेग उतरवते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. चढावर दम लागला की माणूस चाल कमी करतो, तसं. बंद पडत नाही, बिघाड दाखवत नाही, नुसती मंद होते. गिऱ्हाईक म्हणतं, “व्हायरस आला असंल.”

आता गणित बघा. खोलीत २५ अंश असतील, तर चिप आणि हवा यांच्यात ७५ अंशांची उतरंड मिळते. उष्णता या उतरंडीवरूनच खाली वाहते. सोलापुरात मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत ४२ असले, तर उतरंड ५८ ची. म्हणजे तोच पंखा, तोच हीटसिंक, आणि उष्णता फेकायची ताकद जवळपास चौथ्या हिश्श्यानं कमी. टॉवरमध्ये एवढी ताकद शिल्लक पडलेली असते, त्यामुळं कळतही नाही. पातळ मशीनमध्ये शिल्लक हाच तर भाग छाटलेला असतो.

याचा फटका कुणाला बसतो? दिवसभर टॅली आणि जीएसटी भरणाऱ्याला अजिबात नाही. त्याचा प्रोसेसर बहुतेक वेळ जांभया देत असतो. बसतो तो लग्नाचं व्हिडिओ मिक्सिंग करणाऱ्याला. त्याची सराई एप्रिल-मे, मशीन रात्र रात्र शंभर टक्क्यांवर, आणि बाहेर रात्री अकराला पण भिंती गरम. या धंद्यातल्या माणसानं पाण्याच्या बाटलीएवढा डबा घेतला, तर मी हात जोडतो.

“पण शोरूममध्ये तर भारी पळत होतं की!”

पळणारच. पहिली काही मिनिटं सगळेच पळतात.

गावाकडचं धाब्याचं घर आठवा. दोन-दोन हात रुंद मातीच्या भिंती दिवसभर ऊन पीत राहतात, आणि घरात मात्र संध्याकाळपर्यंत गारवा. चार इंची भिंतीचं स्लॅबचं घर दुपारी बारालाच भट्टी होतं. धातूचा जड ठोकळा ही धाब्याची भिंत आहे: चिपनं अचानक जोर लावला, तरी तो बराच वेळ उष्णता पोटात घेतो. पातळ मशीनमध्ये धातूच थोडा, तो लवकर भरतो. त्यानंतर पंखा जेवढं बाहेर फेकेल तेवढंच काम.

म्हणून दोन मिनिटांच्या चाचणीत बारीक आणि जाड सारखेच दिसतात. फरक विसाव्या मिनिटाला कळतो. जड काम असेल तर पेन ड्राइव्हवर स्वतःचं एखादं काम घेऊन जा, अर्धा तास लावून बसा, आणि पंख्यापाशी कान न्या. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

गुलाबी गादी

आता जे सांगतो ते कंपन्यांच्या जाहिरातीत सापडणार नाही, कारण त्यांच्या प्रयोगशाळेत यंत्रमाग चालत नाहीत.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे एक जुने गिऱ्हाईक आहेत, टॉवेलचे कारखानदार. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या ऑफिसची काच मागांच्या हॉलकडं उघडते. दीड वर्षापूर्वी हौसेनं एक पातळ ऑल-इन-वन घेतला, म्हणजे स्क्रीनच्या पाठीतच सगळा कॉम्प्युटर. आठव्या महिन्यात फोन आला. बिल काढताना मशीन झोपतंय.

मागचं झाकण काढायला मला पाऊण तास लागला. स्क्रू दोनच होते, बाकी सगळ्या आतल्या खिट्ट्या, आणि त्यातली एक तुटली. आत तांब्याची नळी, तिच्या टोकाला पात्यांची बारीक फणी, बाजूला हवा ढकलणारा छोटा पंखा. फणी दिसतच नव्हती. तिच्यावर एक गादी बसली होती, दोन-अडीच मिलिमीटर जाडीची, एकसंध, मऊ. चिमट्यानं कोपरा धरून ओढली तर अख्खी सोलून निघाली. गुलाबी होती. हंगामात गुलाबी टॉवेलची मोठी ऑर्डर चालली होती, त्याची तूस. मशीननं आपल्यापुरता एक टॉवेल विणून घेतला होता.

अण्णा चष्मा वर करून बघत राहिले. “काय ओ सर, एवढं बारीक करायलेत तर हे झाडायला दार तर ठेवायचं की!”

ते दारच जाडी मागतं, अण्णा. झाकणाला बिजागरी पाहिजे, जाळी पाहिजे, जाळी काढायला मध्ये फट पाहिजे. प्रत्येकाचे दोन-तीन मिलिमीटर. शिवाय बारीक मशीनच्या पात्या एकमेकींना जास्त चिकटून असतात, कारण कमी जागेत जास्त पृष्ठभाग मिळवायचा असतो. अशा दाट फणीत तूस पटकन अडकते. टॉवरच्या रुंद पात्यांतून निम्मी तूस पार होऊन जायची, आणि उरलेली बाजूचं पान काढून ब्लोअर मारला की दोन मिनिटांत साफ. इथं तेच काम पाऊण तासाचं, वर एक खिट्टी गेली.

चादर-टॉवेलचे कारखाने, गारमेंटवाले, पिठाची गिरणी, शेंगा चटणी कांडणारे, या सगळ्यांसाठी माझा सल्ला एकच ठरलेला आहे. जो डबा एका स्क्रूनं उघडतो तोच घ्या. मग तो लहान असला तरी चालेल.

जाडी टेबलाखाली जाते

भिंतीतून २३० व्होल्ट येतात, चिपला एक-दीड लागतात. यातला मोठा टप्पा उतरवण्याचं काम टॉवरमध्ये एसएमपीएस, म्हणजे आतला विजेचा डबा, करतो. एकट्या एसएमपीएसचं आकारमान जवळपास १.८ लिटर, म्हणजे नव्या डब्यात तो मावायचा प्रश्नच नाही. डबाच त्याच्यापेक्षा छोटा. मग ते काम बाहेर, काळ्या विटेसारख्या अॅडॅप्टरमध्ये टाकतात. वीट टेबलाखाली लोंबते, आणि फोटोत येत नाही.

यावर लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. वीज उतरवताना थोडी उष्णता होतेच, ती डब्याबाहेर गेली हे बरंच. आणि आपल्याकडं व्होल्टेज उड्या मारतं तेव्हा वीट जळते, मशीन बऱ्याचदा वाचतं. नवी वीट आणायला दहा मिनिटं. २०२१ च्या आयमॅकनं तर नेटची केबल जोडायची खाचसुद्धा विटेत नेली, आणि हेडफोनची खाच पाठीवरून कडेला आणली. हेडफोनची पिन साधारण १४ मिलिमीटर लांब, आणि मशीन साडेअकरा! पाठीतून खुपसली असती तर स्क्रीनमधून बाहेर आली असती.

अॅपलच्याच छोट्या डब्यात, २०२४ च्या मॅक मिनीत, उलटं झालं. त्यांनी वीट आतच ठेवली, डबा १२.७ सेंटिमीटर चौरस केला, आणि चालू करायचं बटण तळाला गेलं. लोकांनी खूप टिंगल केली. मला त्यात फार काही वाटत नाही. रोज बंद करायची गरज नसलेल्या मशीनचं बटण कुठंही असो. पंखाच तळातून हवा घेतो आणि तळातूनच सोडतो, याची मला जास्त काळजी. असं मशीन सतरंजीवर ठेवू नका.

मेमरी चिकटवून टाकली, ही लबाडीच ना?

अर्धीच. पूर्वी मेमरीची पट्टी खाचेत बसवायची, कमी पडली की दुसरी आणायची. आता बऱ्याच पातळ मशीनमध्ये ती बोर्डावर कायमची झाळलेली असते. खाच गेली की उंची वाचते, हे खरं. पण दुसरंही कारण आहे. चिप आणि मेमरी जितक्या जवळ, जितका सांधा कमी, तितका निरोप वेगानं आणि कमी विजेत पोचतो. हे खरं आहे याचा पुरावा वेगळ्याच ठिकाणी सापडतो. फ्रेमवर्क नावाच्या कंपनीचा सगळा लौकिक ‘आमचं मशीन स्वतः उघडा, स्वतः बदला’ यावर उभा आहे. तिनं २०२५ मध्ये डेस्कटॉप काढला, आणि त्यात मेमरी झाळलेलीच ठेवावी लागली, कारण निवडलेल्या चिपचा पूर्ण वेग खाचेतून मिळत नव्हता.

तेव्हा मेमरीबद्दल भांडायचं नाही, पण घेतानाच पुढच्या सहा वर्षांचा विचार करून घ्यायची. आज ८ जीबी घेऊन ‘नंतर वाढवू’ म्हणणाऱ्याला नंतर नसतो.

काच चिकटवण्याला मात्र माझ्याकडं माफी नाही. २०११ पर्यंतच्या आयमॅकची काच लोहचुंबकावर धरलेली असायची. दोन रबरी कप लावून उचलली, स्क्रीनचे काही स्क्रू काढले, की आत हात. २०१२ ला कड बारीक करताना चुंबक गेले आणि चिकटपट्टी आली. आता ती करंजीच्या कातणासारख्या चाकानं कापत फिरायचं, आणि बंद करताना नवी पट्टी लावायची. एवढं सगळं पंख्यातली धूळ झाडायला.

टेबलावरून हलवायचंच नाही, मग बारीक कशाला?

हा सगळ्यात रास्त आक्षेप. लॅपटॉप खांद्यावर घ्यायचा असतो, त्याचा ग्रॅम न ग्रॅम मोलाचा. डेस्कटॉपची कड तर बसणाऱ्याला दिसतसुद्धा नाही, तो समोरून बघतो. कड दिसते ती शोरूममध्ये बाजूनं चालत येणाऱ्याला. बारीकपणाचा बराच भाग त्या पाच पावलांसाठी असतो, हे मान्य करायला हवं. शिवाय खोकं लहान झालं की एका कंटेनरमध्ये जास्त मावतात, तो नफा कंपनीचा.

पण आपल्यालाही काही मिळतं. टिळक चौकातल्या दुकानाचा गल्ला बघा: वजनकाटा, बिलाचा प्रिंटर, क्यूआरची पाटी, आणि पायाशी शटरचं कुलूप. तिथं टॉवर ठेवायचा कुठं? स्क्रीनच्या पाठीला डबा स्क्रूनं टांगला की काउंटर मोकळा. विजेचंही तसंच. जुना टॉवर हलक्या कामाला साधारण ५० वॉट खात असेल आणि नवा डबा १०, तर दहा तासांत ४०० वॉट-तास, वर्षाच्या ३०० दिवसांत १२० युनिट वाचतात. लाइट गेली की तोच यूपीएस कितीतरी जास्त वेळ साथ देतो, हे तर मी स्वतः रोज बघतो.

हव्यास झाला की काय होतं, तेही नोंदलेलं आहे. अॅपलनंच २००० साली पंखाच नसलेला सुंदर पारदर्शक क्यूब काढला आणि वर्षभरात थांबवला. २०१३ मध्ये व्यावसायिकांसाठी काळ्या नळकांड्यासारखा मॅक प्रो आणला, सगळ्या चिपा एकाच तिकोनी हीटसिंकला टेकलेल्या, एकच पंखा. पुढं जास्त तापट ग्राफिक चिपा आल्या, त्या त्यात बसेनात. २०१७ ला कंपनीनं उघडपणे कबूल केलं की आम्ही स्वतःलाच उष्णतेच्या कोपऱ्यात कोंडून घेतलं, आणि २०१९ ला परत मोठा टॉवर आणला. जाळीचा. मोठ्या पंख्यांचा.

मग बारीक डबा की बारीक स्क्रीन?

लोक या दोन्हींना एकाच मापानं मोजतात, ते चुकतं. स्क्रीन दहा वर्षं आरामात चालते. आतला कॉम्प्युटर पाच-सहा वर्षांत जुना होतो. दोघांची गाठ बांधून एकाच अंगात घातली, की लवकर म्हातारा होणारा दुसऱ्याला घेऊन जातो. जुन्या काही आयमॅकना, २०१४ च्या मध्यापर्यंतच्या, नुसती स्क्रीन म्हणून वापरायची सोय होती. नंतर तीही गेली. म्हणून हौस आणि पैसा दोन्ही असेल आणि खोली स्वच्छ असेल तर ऑल-इन-वन घ्या, नाहीतर वेगळी स्क्रीन आणि वेगळा डबा. मिक्सिंगवाल्यांना मधला मार्गही आहे, आठ-नऊ लिटरचा आडवा डबा. त्यात खाचा असतात, पंखा बरा असतो, आणि टॉवरच्या निम्म्यापेक्षाही कमी जागेत बसतो.

अण्णांनी शेवटी छोटा डबाच घेतला, एका स्क्रूचा, वरच्या झाकणाला जाळी असलेला. मी तो काचेच्या केबिनमध्ये मागांपासून लांबच्या भिंतीला लावून दिला, दर महिन्याला ब्लोअर मारायला पोराला शिकवलं, आणि हवा या जाळीतून आत जाते, हे दोनदा सांगितलं. आठवड्यानं बिलाचे पैसे आणायला गेलो. अण्णा खुशीत होते, मशीन पळतंय म्हणाले, चहा मागवला. भिंतीकडं बघितलं, तर डब्यावर छान चौघडी घातलेला नवा कोरा टॉवेल.

“तूस बसू नये म्हणून,” अण्णा म्हणाले.